सुनीत : एका दुर्मिळ नावाचा अर्थ आणि इतिहास

दर वर्षी जून महिन्यात पहिलीच्या प्रवेशाचे काम आमच्या शाळेत माझ्याकडे असते. दाखलखारीज रजिस्टरमध्ये मुलाचे नाव एकदा लिहिले गेले की ते सहसा जन्मभर त्याच्याबरोबर राहते. म्हणून लिहिण्यापूर्वी मी पालकांना नाव दोनदा विचारतो आणि जन्माच्या दाखल्याशी ताडून पाहतो.

गेल्या जूनमध्ये एक गृहस्थ आपल्या सहा वर्षांच्या मुलाला घेऊन आले. दाखल्यावर नाव होते ‘सुनीत’. शेजारच्या टेबलावरील माझे सहकारी म्हणाले, “छापण्यात चूक झालेली दिसते. सुनील असेल.” ते गृहस्थ संकोचून म्हणाले, “नाही सर, सुनीतच आहे. पण मला तेच विचारायचं होतं. शाळेत नाव लागायच्या आत ते बदलून सुमित करता येईल का?”

कारण विचारले तेव्हा प्रथम ते म्हणाले, की गल्लीतली पोरे त्याला ‘सुनीता, सुनीता’ म्हणून चिडवतात. थोड्या वेळाने आवाज खाली आणून त्यांनी खरे कारण सांगितले. “नाव माझ्या वडिलांनी ठेवलंय. ते नगरपालिकेत सफाई कामगार होते. पाहुण्यांत कुणीतरी बोललं, की सुनीत म्हणजे गोष्टीतला झाडूवाला. सर, आम्ही शिकलो, त्या कामातून बाहेर पडलो. मग पोराच्या कपाळावर पुन्हा तेच कशाला?”

मी त्यांना म्हटले, “दोन दिवस थांबा. घरी वडिलांशी एकदा बोला. मग तुम्ही सांगाल ते नाव मी लिहीन.”

धम्मबंधूंनो आणि भगिनींनो, त्या गृहस्थांचा प्रश्न एकट्या त्यांचा नाही. आपल्यातील शिकलेल्या पिढीच्या मनात तो कुठे ना कुठे दडलेला आहे. बी.ए.ला पाली हा माझा एक विषय होता. त्या दोन रात्री मी जुनी पुस्तके पुन्हा काढून बसलो. त्यातून जे हाती लागले ते अभ्यासासाठी येथे मांडीत आहे.

शब्दाचा अर्थ

‘सुनीत’ हा शब्द ‘सु’ आणि ‘नीत’ यांचा बनलेला आहे. ‘सु’ म्हणजे चांगले. ‘नीत’ हे ‘नी’ या धातूचे रूप. आपल्या मराठीतील ‘नेणे’ हे क्रियापद याच धातूपासून आले आहे. तेव्हा सुनीत म्हणजे चांगल्या रीतीने नेलेला, चांगल्या वाटेला लागलेला, ज्याचे वागणे चांगले आहे असा. नेता, नीती, विनीत ही सारी या शब्दाची भावंडे होत. ‘नी’ दीर्घ आहे, म्हणून ‘सुनित’ असे ऱ्हस्व लिहिणे चूक आहे. सुनील हा शब्द वेगळा. त्याचा संबंध निळ्या रंगाशी आहे.

मग ‘सुनीता’चा घोटाळा कोठून झाला? पालीत या पुरुषाचे नाव ‘सुनीत’ असेच आहे. पण रोमन लिपीत लिहिताना शेवटच्या ‘त’मधील ‘अ’ दाखवावा लागतो, आणि तो आपण ‘ता’ असा वाचतो. त्यामुळे इंग्रजी पुस्तकातून गोष्ट वाचणाऱ्याला हा थेर एखादी स्त्री वाटू लागतो. मराठीत सुनीता हे मुलींचे नाव फार रूढ असल्याने हा गैरसमज आणखी पक्का होतो.

आणखी एका सारख्या नावापासून सावध राहावे. महापरिनिब्बान सुत्तात पाटलिग्राम येथे वज्जींच्या विरुद्ध तटबंदी उभारणारे मगधाचे दोन अमात्य येतात, सुनीध आणि वस्सकार. तो सुनीध निराळा. तो राजाचा अधिकारी होता. आपला सुनीत रस्त्यावरचा माणूस होता.

मराठीच्या तासाला आम्ही ‘सुनीत’ हा शब्द आणखी एका अर्थाने शिकवतो. केशवसुतांनी चौदा ओळींच्या कवितेचा जो प्रकार मराठीत आणला, त्याला सुनीत म्हणतात. त्या शब्दाचा आपल्या थेराशी संबंध नाही. परंतु योगायोग असा, की आपला सुनीतही कवी होता, आणि आज आपण त्याला ओळखतो ते त्याच्या कवितेमुळेच.

‘नी’ धातूचे आणखी दोन शब्द येथे महत्त्वाचे आहेत. एक ‘उपनयन’, दुसरा ‘विनय’. उपनयन म्हणजे जवळ नेणे, विद्येसाठी मुलाला गुरूजवळ नेणे. वैदिक धर्मशास्त्राने हा अधिकार पहिल्या तीन वर्णांना दिला आणि शूद्राला नाकारला. अतिशूद्राचा तर प्रश्नच नव्हता. याउलट ‘विनय’ हे भिक्खुसंघाच्या शिस्तीचे नाव आहे, आणि ती शिस्त संघात येणाऱ्या प्रत्येकाला सारखी आहे. ज्या माणसाला कोणीही विद्येच्या जवळ नेणार नव्हते, त्याचेच नाव ‘चांगल्या रीतीने नेलेला’ असे असावे, हे ध्यानात ठेवून पुढची कथा वाचली पाहिजे.

राजगृहाच्या रस्त्यावर

सुत्तपिटकातील खुद्दक निकायात ‘थेरगाथा’ नावाचा ग्रंथ आहे. त्यात २६४ थेरांच्या गाथा आहेत. सुनीत थेराच्या गाथा बारा गाथांच्या वर्गात येतात. त्या त्याने स्वतःविषयी, स्वतःच्या तोंडाने सांगितलेल्या आहेत. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ साली आले तेव्हा आपल्या माणसाने आपले जगणे स्वतः सांगावे, याचे अनेकांना नवल वाटले होते. पण बुद्धाच्या संघातल्या एका सफाई करणाऱ्याने ते फार पूर्वीच केले होते.

गाथांचा आशय असा आहे. मी हीन समजल्या जाणाऱ्या कुळात जन्मलो, दरिद्री होतो, पोटभर अन्न मिळत नसे. माझे काम हलके होते. लोक मला किळसवाणा मानीत, हिणवीत आणि शिव्या देत. मी मन खाली घालून सगळ्यांना नमस्कार करीत असे. अशात एके दिवशी भिक्खुसंघासह मगधाच्या राजधानीत प्रवेश करणारे भगवान बुद्ध मला दिसले. मी कावड खाली टाकली आणि वंदन करायला पुढे गेलो. माझ्यावरील करुणेने ते थांबले. मी त्यांच्या पायांना वंदन करून एका बाजूला उभा राहिलो आणि प्रव्रज्या मागितली. ते मला ‘ये, भिक्खू’ असे म्हणाले. तीच माझी उपसंपदा झाली.

पुढे तो अरण्यात एकटा राहिला. शास्त्याने सांगितले तसे त्याने आळस न करता केले. रात्रीच्या तिसऱ्या प्रहरी त्याच्या मनावरील अंधाराचे ओझे फुटले. सूर्य उगवताना इंद्र आणि ब्रह्मा हात जोडून त्याच्यापुढे आले. ते पाहून भगवंतांनी स्मित केले आणि सांगितले, की तप, ब्रह्मचर्य, संयम आणि दमन यांनीच माणूस ब्राह्मण होतो. हेच उत्तम ब्राह्मण्य होय.

या गाथांतील चार गोष्टींकडे मी वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

पहिली गोष्ट त्याच्या कामाची. त्याच्यासाठी गाथेत ‘पुप्फछड्डक’ असा शब्द आहे. त्याचा सरळ अर्थ फुले टाकणारा. आपल्याकडे आपण निर्माल्य उचलणारा म्हणू. सकाळी जे फूल देवाच्या माथ्यावर असते ते संध्याकाळी कोमेजून कचरा होते, आणि ते उचलणारा माणूस मात्र कायमचा अपवित्र ठरतो. पाली साहित्यात चांडाळ, निषाद, वेण, रथकार आणि पुक्कुस अशी हीन मानलेल्या कुळांची यादी वारंवार येते. फुले टाकणारे ते या पुक्कुसांपैकी समजले जात. घाण करणारा स्वच्छ आणि साफ करणारा घाणेरडा, हा न्याय इतका जुना आहे.

दुसरी गोष्ट वंदनाची. कावड टाकण्यापूर्वीही सुनीत वाकतच होता. तो सगळ्यांना नमस्कार करीत होता, कारण न केल्यास मार बसला असता. बुद्धासमोरही तो वाकला, परंतु आधी त्याने कावड खाली टाकली. ओझ्यासह वाकणे ही गुलामी झाली. ओझे टाकून, आपल्या इच्छेने वाकणे हा आदर झाला. आपण विहारात वंदन करतो तेव्हा हा फरक आपल्या मुलांना सांगतो काय?

तिसरी गोष्ट मागणीची. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडात दीनदुबळ्यांच्या धम्मदीक्षेचा एक स्वतंत्र भागच केला आहे. त्यात उपाली न्हावी, सुनीत झाडूवाला, सोपाक आणि सुप्पिय हे अस्पृश्य, सुमंगल शेतकरी आणि सुप्पबुद्ध हा महारोगी येतात. त्या कथेत सुनीत रस्ता झाडत असतो. भगवंत येताना पाहून त्याला लपायला जागा सापडत नाही. कावड भिंतीच्या कोनाड्यात ठेवून तो भिंतीला चिकटून हात जोडून उभा राहतो. भगवंत जवळ येऊन त्याला नावाने हाक मारतात आणि विचारतात, की हे हलाखीचे जिणे तुला कशाला हवे, घर सोडून संघात येशील काय? गाथेत मागणी सुनीताची आहे. या कथेत विचारणा भगवंतांची आहे. दोन्ही एकत्र वाचल्या म्हणजे चित्र पुरे होते. मागणाऱ्याने मागायला हवे आणि ज्याच्याकडे आहे त्याने स्वतः विचारायलाही हवे. शिवाय ज्याला सारे गाव ‘ए’, ‘अरे’, ‘बाजूला हो’ एवढेच म्हणत होते, त्याला तथागतांनी नाव घेऊन हाक मारली. नाव घेणे ही लहान गोष्ट नाही. वर्गात पन्नास मुले सांभाळणाऱ्या शिक्षकाला ती चांगली ठाऊक असते.

चौथी गोष्ट इंद्र-ब्रह्म्याची. काही वाचक विचारतील, की आम्ही देव मानीत नाही, मग हे कशासाठी? मला वाटते, ही काव्याची भाषा समजून वाचावी. ज्यांच्यापुढे सारा समाज हात जोडीत होता, ते या निर्माल्य उचलणाऱ्यापुढे हात जोडतात, एवढाच त्याचा अर्थ घेतला तरी तो पुरेसा क्रांतिकारक आहे.

आता पुन्हा ‘नी’ धातूकडे येऊ. उपनयनाला कुळ लागते, मुहूर्त लागतो, पुरोहित लागतो. बुद्धाने दोनच शब्द उच्चारले, ‘एहि भिक्खु’. दूर उभ्या असलेल्या माणसाला त्यांनी ‘ये’ म्हटले. ज्याला कोणी जवळ नेत नव्हते त्याला स्वतः जवळ बोलावले. पण बोलावून झाल्यावर पुढची वाट सुनीतला एकट्यालाच चालावी लागली. संयम त्याचा, दमन त्याचे, जागरण त्याचे. म्हणून सुनीत याचा अर्थ दुसऱ्याने हाताला धरून नेलेला असा घेऊ नये. चांगली वाट दाखवली गेल्यावर स्वतःला त्या वाटेने नेणारा, असा घ्यावा.

नाव ठेवण्याचा कायदा

नाव काय ठेवायचे हा घरातला आनंदाचा विषय, त्यात धर्मशास्त्राचे काय काम, असे कोणाला वाटेल. परंतु मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायातील ३१ वा श्लोक नेमका याच विषयावर आहे. ब्राह्मणाचे नाव मंगल असावे, क्षत्रियाचे बळाचे, वैश्याचे धनाचे आणि शूद्राचे निंद्य, किळस येईल असे असावे, असा त्याचा आशय आहे. पुढचा श्लोक सांगतो, की शूद्राच्या नावाला दास्य दाखवणारे पद जोडावे. बाबासाहेबांनी मनुस्मृतीचा काळ पुष्यमित्र शुंगाच्या राजवटीशी जोडला आहे, म्हणजे ती बुद्धानंतर काही शतकांची. बुद्धाच्या परंपरेने पुक्कुसाचे ‘सुनीत’ हे सुंदर नाव जपून ठेवले, आणि नंतर आलेल्या या कायद्याने अशा माणसाला असे नाव असूच नये असे ठरवले. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जी मनुस्मृती जाळली गेली, तिच्यात हे दोन श्लोकही होते.

आता आपल्या आजे-पणज्यांची नावे आठवून पाहा. कचरू, केरू, धोंड्या, दगडू, उकिरडा. प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगितली पाहिजे. अशी नावे सर्वच जातींत ठेवली जात. मुले जगत नसत, तेव्हा दृष्ट लागू नये म्हणून वाईट नाव ठेवण्याची रूढी होती. परंतु फरक पुढे पडे. वरच्या आळीतला धोंडू मोठा झाला की त्याचा धोंडोपंत होई. आपल्या वस्तीतला धोंड्या सत्तरीला पोहोचला तरी धोंड्याच राही आणि पोरसवदा पाटलाच्या मुलाकडूनही तो धोंड्याच म्हणवून घेई. मनूचा श्लोक गावात कोणी वाचला नव्हता, पण तो पाळला मात्र जात होता.

आमच्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेला मी पहिला. माझ्या आजोबांच्या नावाचा अर्थ उकिरड्यावरचा केर असा होता. माझ्या दाखल्यावर वडिलांच्या नावापर्यंतच मजकूर असतो, याचे लहानपणी मला बरे वाटत असे. आज त्या बरे वाटण्याची लाज वाटते. आजोबांनी ते नाव मागितले नव्हते. आणि १४ ऑक्टोबर १९५६ नंतर आपल्या मुलांची नावे चांगली ठेवणारेही तेच होते.

एक आक्षेप आणि त्याचे उत्तर

येथे अभ्यासू वाचक एक आक्षेप घेईल, आणि तो घ्यायलाच हवा. जातककथांत ९७ वी कथा ‘नामसिद्धि जातक’ या नावाची आहे. तक्षशिलेच्या एका आचार्यांकडे पापक नावाचा शिष्य होता. आपले नाव अशुभ आहे, दुसरे द्या, असे त्याने म्हटले. आचार्यांनी त्याला चांगले नाव शोधून आणायला पाठवले. वाटेत त्याला एक प्रेतयात्रा दिसली. मेलेल्याचे नाव होते जीवक. पुढे कमाई आणली नाही म्हणून मार खाणारी एक दासी दिसली. तिचे नाव धनपाली. आणखी पुढे एक वाट चुकलेला माणूस भेटला. त्याचे नाव पंथक, म्हणजे वाटेचा जाणकार. पापक परत आला आणि म्हणाला, नाव हे ओळखण्यापुरतेच असते, माझे आहे तेच राहू द्या.

मिलिंद राजाला भदंत नागसेनांनीही हेच सांगितले, की ‘नागसेन’ हा केवळ व्यवहाराचा शब्द आहे. सुत्तनिपातातील वासेट्ठ सुत्तही सांगते, की नाव आणि गोत्र ही लोकांनी संकेताने ठरवलेली असतात. तर मग नावाचा एवढा विचार कशाला?

माझे उत्तर असे. पापक हा तक्षशिलेत शिकत होता. त्याच्या नावामुळे त्याला पाणवठ्यावरून कोणी हाकलले नव्हते आणि त्याच्यासारख्यांची नावे किळसवाणीच असावीत असा कायदाही कोणी केला नव्हता. नावाने नशीब बदलत नाही, एवढेच ते जातक सांगते. नशिबावर आपला विश्वास नाहीच. दुसऱ्याने लादलेला अपमान मुकाट्याने वागवावा, असे ते जातक सांगत नाही. आणि नाव जर माणसांच्या संकेताने ठरते, तर ते माणसांना बदलताही येते. नाव जन्मातून, रक्तातून येत असते तर आपण काय करू शकलो असतो? ते माणसांनी दिलेले असते, म्हणून ते कोणते द्यायचे याची जबाबदारीही माणसांवर येते.

याचे एक मोठे उदाहरण त्याच दीनदुबळ्यांच्या यादीत आहे. ‘सोपाक’ या शब्दाचे संस्कृत रूप श्वपाक, म्हणजे कुत्रे शिजवून खाणारा. ती एक शिवी होती. सुनीतचे नाव सुंदर आणि काम हिणवले गेलेले. सोपाकचे तर नावच हिणवणारे. पण थेरगाथेत दोघेही थेर म्हणून सारख्याच सन्मानाने येतात. संघाने सोपाकला नाव बदल म्हणून सांगितले नाही. त्याच्या आचरणाने त्या शब्दाचा अर्थच बदलला. म्हणजे मार्ग दोन आहेत. हिणवणारे नाव टाकून देणे हा एक, आणि त्या नावाला आपल्या कर्तृत्वाने मान मिळवून देणे हा दुसरा. दोन्ही धम्माला धरून आहेत.

राजवाड्यातली नावे आणि रस्त्यावरची नावे

धम्मदीक्षेनंतर आपल्या घरांत सिद्धार्थ, गौतम, राहुल, आनंद, अशोक, मिलिंद अशी नावे आली. यामागे बाबासाहेबांचाच आदर्श होता. १९४६ साली मुंबईत त्यांनी काढलेल्या महाविद्यालयाला सिद्धार्थ हे नाव मिळाले. तेव्हाच्या औरंगाबादेत १९५० साली सुरू केलेल्या महाविद्यालयाला पुढे मिलिंद हे नाव दिले गेले, आणि त्याचा परिसर नागसेनवन म्हणून ओळखला जाऊ लागला. प्रश्न विचारणारा मिलिंद आणि उत्तर देणारा नागसेन. शिक्षणसंस्थेला याहून योग्य नावे कोणती असणार?

परंतु वर्गाची हजेरी घेताना मला एक गोष्ट खटकते. आपण घेतलेली बहुतेक नावे शाक्यांच्या घराण्यातील किंवा राजांची आहेत. उपाली, सुनीत, सोपाक, सुमंगल ही नावे हजेरीत जवळजवळ दिसतच नाहीत. माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत सुनीत नावाचा मुलगा हा पहिलाच.

चुल्लवग्गातील एक प्रसंग पाहा. भद्दिय, अनुरुद्ध, आनंद, भगु, किम्बिल, देवदत्त हे शाक्य कुमार प्रव्रज्येसाठी आले, तेव्हा त्यांच्याबरोबर त्यांचा न्हावी उपाली होता. त्यांनीच भगवंतांना विनंती केली, की आधी उपालीला प्रव्रज्या द्यावी, म्हणजे त्याला वंदन करताना आमचा शाक्यपणाचा अभिमान गळून पडेल. तसेच झाले. पुढे राजगृहाच्या पहिल्या संगीतीत उपालीने विनय सांगितला आणि आनंदाने धम्म सांगितला. आज आनंद हे नाव आपल्या घरोघरी आहे. ज्या उपालीला आनंदाने आधी वंदन केले, त्याचे नाव मात्र शोधून सापडत नाही. सुमंगल हा शेतकरी थेर विळा, नांगर आणि कुदळ या तीन वाकड्या वस्तूंच्या कष्टातून सुटल्याचा आनंद गाथेत सांगतो. कष्टकऱ्यांच्या घरांत त्याचेही नाव नाही.

मी कोणाला दोष देत नाही. ज्यांना शतकानुशतके केराची नावे मिळाली त्यांनी राजपुत्रांची नावे घ्यावीत, हे न्याय्यच आहे. पण आता थांबून विचार केला पाहिजे. आपल्याला राजवाड्याची आठवण हवी आणि रस्त्याची नको, असे तर होत नाही ना? राजपुत्राने राज्य सोडले हे मोठेच. सुनीतने कावड सोडली हे काय लहान आहे? राज्य सोडणाऱ्याला मागे काहीतरी होते. कावड सोडणाऱ्याला मागे काही नव्हते आणि उद्याच्या भाकरीची खात्रीही नव्हती.

कावड अजून खाली ठेवली गेलेली नाही

हा इतिहास केवळ राजगृहाचा नाही. माणसाने माणसाची विष्ठा हाताने उचलण्याविरुद्ध आपल्या देशात १९९३ साली कायदा झाला. तो अपुरा पडला म्हणून २०१३ साली दुसरा करावा लागला. २७ मार्च २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने १९९३ पासून गटारांत मृत्यू पावलेल्यांच्या कुटुंबांना दहा लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रक्कम तीस लाख केली. रक्कम वाढवावी लागते, याचा अर्थ मरणे थांबलेले नाही. गटारात गुदमरून माणसे मेल्याच्या बातम्या आपण अजून वाचतो.

अशा काळात सुनीत हे नाव लपवायचे की उच्चारायचे? ज्या कामातून आपण बाहेर पडलो त्या कामात जे अजून अडकले आहेत, त्यांची लाज वाटून घेणे हा धम्म नव्हे. लाज त्या व्यवस्थेला वाटली पाहिजे जी आजही त्यांच्या हातात कावड देते.

रजिस्टरमध्ये काय लिहिले

दोन दिवसांनी ते गृहस्थ आले नाहीत. त्यांचे वडील नातवाचे बोट धरून आले. मी त्यांना बसायला खुर्ची दिली. पण ते उभेच राहिले, म्हणून मीही उभा राहिलो. मी विचारले, “बाबा, हे नाव तुम्हाला कुठे सापडलं?”

ते म्हणाले, “गुरुजी, वर्षावासात विहारात ग्रंथाचं वाचन चालतं, तिथं ऐकलं. मी पस्तीस वर्षं झाडू मारला. त्या गोष्टीतला माणूस सुरुवातीला माझ्यासारखा आहे, शेवटाला नाही. पोराचं नाव मी शेवटावरून ठेवलंय. लोक सुरुवातच धरून बसतात, त्याला मी काय करू?”

इतकी पुस्तके चाळून मला जे नीट मांडता आले नसते, ते त्यांनी चार वाक्यांत सांगितले. मी रजिस्टर पुढे ओढले आणि ‘सुनीत’ असे लिहिले. दीर्घ ‘नी’ काढताना ते वाकून पाहत होते. नातवाने विचारले, “आजोबा, माझं नाव लिहिलं का?” ते म्हणाले, “लिहिलं. आता तू लिहायला शीक.”

अभ्यासमंडळासाठी प्रश्न

१. सुनीतने वंदनाआधी कावड खाली टाकली. यातून वंदन आणि गुलामी यांतील कोणता फरक दिसतो?

२. ‘उपनयन’ आणि ‘एहि भिक्खु’ यांची तुलना करा.

३. नामसिद्धि जातक खरे मानूनही नावे बदलणे योग्य कसे ठरते?

४. आपल्या वस्तीत उपाली, सुनीत, सोपाक, सुमंगल यांपैकी कोणाचे नाव आहे काय, याचा शोध घ्या. नसल्यास त्याची कारणे घरातील वडीलधाऱ्यांशी बोलून लिहून काढा.